मापाचे माप कोण घेणार?



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, नाट्य, आरोग्य असे विषय शोभून दिसतात. त्या मानाने आजचा आमचा विषय कोरडा वाटण्याचा संभव आहे. कारखान्यांना आणि बाजाराला लागणारी मोजमापे व प्रमाणे यांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा चांगली चालली आहे की नाही, हे कसे ठरवावे, असा तो विषय आहे. दिल्लीच्या एका प्रयोगशाळेची उठाठेव वडशाने कशासाठी करावी, असे कोणी विचारील तर ते वाजवीच आहे. म्हणून उत्तराची सुरुवात आम्ही दिल्लीपासून करीत नाही, धानाच्या काट्यापासून करतो.

समजा, एका शेतकऱ्याने चाळीस क्विंटल धान खरेदी केंद्रावर आणले. काटा शंभर किलोंना एक किलो कमी दाखवतो असे धरा. एवढी चूक डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळत नाही. पण चाळीस क्विंटलांत ती चाळीस किलोंची, म्हणजे एका भरलेल्या पोत्याची होते. २०२५-२६ या हंगामाच्या साधारण धानाच्या २,३६९ रुपये आधारभूत दराने हिशेब केला, तर सुमारे ९४८ रुपये कोणाच्याही लबाडीवाचून गेले. आता ओलाव्याचे पाहा. सरकारी खरेदीत धानाला शेकडा सतरा टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. ओलावा मोजणारे यंत्र दाण्यातले पाणी प्रत्यक्ष मोजत नाही. दाण्यांचा विद्युत्-गुणधर्म मोजते आणि त्यावरून पाण्याचा अंदाज सांगते. तो अंदाज खरा की खोटा, हे धान भट्टीत वाळवून आधी व नंतर वजन केल्यावरच ठरते. यंत्राने सोळाचे अठरा सांगितले, तर चांगला वाळलेला माल पुन्हा उन्हात पसरावा लागतो. उलट अठराचे सोळा सांगितले, तर सरकार पाणी विकत घेते आणि गोदामात माल कुजतो. म्हणजे चुकीचे माप कोणाचाही कैवार घेत नाही. ते आज एकाला बुडवते, उद्या दुसऱ्याला.

आपल्या गावाला नावे दोन आहेत. स्टेशनावर वडसा, नगरपालिकेच्या पाटीवर देसाईगंज. तरी कोणी घोटाळ्यात पडत नाही, कारण गाव एकच आहे. पूर्वीच्या मापांची गोष्ट नेमकी उलटी होती. नाव एक आणि वस्तू अनेक. पायली म्हटली की या गावची वेगळी आणि त्या गावची वेगळी. घेण्याची एक आणि देण्याची दुसरी, अशीही तक्रार जुनी माणसे करीत. हा गोंधळ मिटावा म्हणून १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक भागांत किलोग्रॅमची वजने सुरू झाली आणि १९६२ पर्यंत ती देशभर रूढ झाली. एवढ्या मोठ्या, बहुतांशी निरक्षर असलेल्या देशाने इतक्या थोड्या वर्षांत शेर आणि मण सोडून किलो उचलला, ही साधी गोष्ट नव्हती. बाजारात ही क्रांती दिसली. तिच्या मागे जी संस्था उभी होती, ती मात्र बाजारात कोणाला दिसली नाही. ती म्हणजे दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा.

या प्रयोगशाळेची पायाभरणी ४ जानेवारी १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आधीच झाली. २१ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताक होण्याच्या पाच दिवस आधी, सरदार वल्लभभाई पटेलांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. डॉ. के. एस. कृष्णन हे तिचे पहिले संचालक. प्लॅटिनम आणि इरिडियम यांच्या मिश्रधातूचा जो किलोग्रॅम भारताच्या वाट्याला आला, तो क्रमांक ५७ चा. तो तेथेच जपून ठेवलेला आहे. भारतीय प्रमाणवेळ राखण्याचे कामही हीच प्रयोगशाळा करते. मतदान केल्यावर आपल्या बोटाला लागते ती न पुसणारी शाई हिच्याच संशोधनातून निघाली आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून म्हैसूरच्या कारखान्यातून तिचा पुरवठा होऊ लागला.

आता, प्रयोगशाळेने काय केले असे विचारले की पुष्कळ लोक पटकन या शाईचेच नाव घेतात. ते काम मोलाचे आहेच. पण जी वस्तू डोळ्यांना दिसते तेवढीच कामगिरी, असा समज झाला तर मापन-प्रयोगशाळेवर अन्याय होतो. झाडीपट्टीच्या रंगभूमीचे माहेरघर असलेल्या या गावात हे समजावून सांगणे सोपे आहे. नाटक रंगले की नटाला टाळ्या पडतात, गायकाला 'वन्स मोअर' मिळतो. पेटी सुरात होती म्हणून टाळी वाजवलेली आम्ही ऐकली नाही. पेटी बेसूर असली, तर मात्र पाचव्या मिनिटाला सारा मांडव कुरकुरू लागतो. प्रमाणमाप हे त्या पेटीच्या सुरासारखे आहे. ते बरोबर असते तोवर त्याची आठवण कोणाला होत नाही.

कारखानदारीत तर हे पदोपदी अनुभवाला येते. आपल्या गावावरून जाणारी गोंदिया-चांदा लाइन पूर्वी छोटी होती. तिच्या दोन रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर होते. १९९० च्या दशकात ती रुंद झाली आणि ते अंतर १,६७६ मिलिमीटर झाले. आज या रुळांवरून जी चाके धावतात, त्यांपैकी कित्येक बंगलोरजवळच्या येलहंका येथील कारखान्यात तयार होतात. रूळ भिलाईच्या पोलाद कारखान्यात लाटले जातात. चाक घडवणाऱ्याने रूळ घडवणाऱ्याचे तोंड पाहिलेले नसते, तरी चाक रुळावर बरोबर बसते. कारण येलहंक्याचा मिलिमीटर आणि भिलाईचा मिलिमीटर एकच आहे. हे आपोआप घडत नाही. दोन्ही कारखान्यांतील मोजपट्ट्या, गेजेस आणि मायक्रोमीटर वेळोवेळी वरच्या प्रमाणाशी ताडून पाहावे लागतात, आणि त्या ताडण्याची परंपरा शेवटी राष्ट्रीय प्रमाणापर्यंत जाऊन पोचावी लागते.

हे काम किती नाजूक आहे, याचे उदाहरण आपल्या उन्हाळ्यातच आहे. जगभर लांबीची मापे वीस अंश सेल्सिअस तापमानाला धरलेली आहेत. पोलादाची एक मीटर लांबीची दांडी घ्या. तापमान एक अंशाने वाढले की ती मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाने वाढते. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा पंचेचाळिसाला टेकतो. वीस आणि पंचेचाळीस यांत अंतर पंचवीस अंशांचे, म्हणजे ती दांडी सुमारे ०.२९ मिलिमीटरने लांबते. शंभर मिलिमीटरच्या तुकड्यात हा फरक ०.०२९ मिलिमीटर होतो. कोणी म्हणेल, एवढ्याने काय बिघडले? पण शंभर मिलिमीटर व्यासाच्या भोकात बेअरिंग नीट बसायचे, तर नेहमीच्या पद्धतीत कारागिराला साऱ्या चुकांसाठी मिळून ०.०३५ मिलिमीटरचीच सूट असते. त्यातला मोठा वाटा एकट्या उन्हाने खाल्ला. माप आणि वस्तू दोन्ही पोलादाची व सारखीच तापलेली असतील, तर चूक चुकीला खाऊन टाकते. वस्तू अॅल्युमिनियमची असली, तर ती पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते आणि हिशेब फिसकटतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकणाऱ्या मुलाने लेथवर हात कितीही बसवला, तरी हे ज्ञान त्याच्यापर्यंत पोचले नाही, तर त्याचा माल परत येणारच.

तेव्हा अशी प्रयोगशाळा हवी, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो तिची परीक्षा कोणत्या कसोटीने घ्यावी याबद्दल. सरकारचा, म्हणजे आपला पैसा तिच्यावर खर्च होतो, म्हणून परीक्षा झालीच पाहिजे. ती चार प्रश्नांनी घ्यावी, असे आमचे मत आहे.

पहिला प्रश्न असा की, वरचे माप खालपर्यंत पोचते का? राष्ट्रीय प्रमाणावरून संदर्भ-प्रमाणे तपासली जातात. त्यांच्यासाठी केंद्र सरकारच्या प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. त्यांवरून राज्याची दुय्यम प्रमाणे, त्यांवरून निरीक्षकाची कामाची वजने आणि शेवटी त्यांवरून दुकानदाराचा काटा तपासला जातो. २००९ चा वैध मापन कायदा १ एप्रिल २०११ पासून अमलात आला. त्याखालच्या नियमांप्रमाणे लोखंडी वजने व दांडीचा तराजू दर चोवीस महिन्यांनी आणि इलेक्ट्रॉनिक काटा दर बारा महिन्यांनी तपासून त्यावर मोहोर घेतली पाहिजे. ही साखळी आहे, आणि साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढेच असते. दिल्लीत वजन कोट्यंशापर्यंत अचूक असून वडशाच्या काट्याची मोहोर तीन वर्षांची जुनी असेल, तर ती अचूकता शेतकऱ्याच्या पदरात पडली नाही. यात दोष प्रयोगशाळेचा की खालच्या यंत्रणेचा, हे शोधावे लागेल. पण परीक्षकाने फक्त दिल्लीची इमारत पाहून निकाल देऊ नये.

दुसरा प्रश्न असा की, ती आपली चूक आपण होऊन सांगते का? येथे मोजणी आणि मापन यांतला भेद ध्यानात घ्यावा. तेंदूपानांचा हंगाम आपल्या जंगलात तोंडावर आला आहे. आपल्या राज्यात सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात. पाने मोजली तर सत्तर म्हणजे सत्तर. तेथे अधिकउणे नाही. पण पानाची लांबी मोजायला गेलात, की कोणतेही उत्तर पुरते खरे नसते. पट्टी बारीक करा, भिंग लावा, चूक कमी होईल, पण शून्य होणार नाही. म्हणून खरा मापनशास्त्रज्ञ नुसता आकडा देत नाही. आकडा आणि त्यातली अनिश्चितता, दोन्ही देतो. जो म्हणतो की आमच्या मापात चूकच नाही, त्याच्यावर विश्वास ठेवू नये. १९९९ साली निरनिराळ्या देशांच्या मापनसंस्थांनी परस्परमान्यतेचा करार केला. त्यात आपली प्रयोगशाळाही आहे. एकच वस्तू देशोदेशी फिरवायची, प्रत्येकाने ती मोजायची आणि सर्वांचे निकाल शेजारीशेजारी छापायचे, अशी ती रीत आहे. कोणाचे उत्तर इतरांपासून किती दूर गेले, हे जगाला दिसते. शाळेतल्या मुलाचे गुण फळ्यावर लावावेत, तसा हा प्रकार आहे. सरकारी कामकाजात इतकी उघडी परीक्षा क्वचितच पाहायला मिळते, आणि म्हणून तिचा निकाल आपल्या वर्तमानपत्रांनीही वाचला पाहिजे.

तिसरा प्रश्न परीक्षक कोण, हा. यासाठी अमेरिकेतील एक हकीकत सांगण्यासारखी आहे. तेथील राष्ट्रीय प्रमाणसंस्थेने मोटारीच्या बॅटरीत घालायच्या एका पुडीची परीक्षा केली आणि तिचा काही उपयोग होत नाही, असा निकाल दिला. पुडी बनवणारा गृहस्थ खटपट्या होता. त्याचे गिऱ्हाईकही पुष्कळ होते. १९५३ साली नव्या व्यापारमंत्र्यांनी, लोक विकत घेतात याला संस्था किंमत देत नाही, असा आक्षेप घेऊन संचालक डॉ. अॅलन अॅस्टिन यांचा राजीनामा मागितला. देशातले शास्त्रज्ञ खवळले. अखेर संचालकांना परत घ्यावे लागले. त्यांच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने नेमलेल्या समितीने त्याच वर्षी सांगितले की, संस्थेचे काम चोख होते आणि पुडी निरुपयोगी होती. बाजारात माल खपतो म्हणून तो खरा ठरत नाही, आणि मंत्र्यांना आवडत नाही म्हणून माप खोटे ठरत नाही, हा त्यातला बोध. पण त्यांनी एवढ्यावर थांबून 'आमच्या शास्त्रज्ञांना कोणी विचारू नये' असे म्हटले नाही. १९५९ पासून त्या संस्थेच्या कामाची तपासणी बाहेरच्या तज्ज्ञांच्या पथकांकडून करवून घेण्याची पद्धत पडली. कारखान्यांसाठी मापनसंशोधन करणाऱ्या तिच्या विभागाचीही अशीच तपासणी होत आली. काम जगातल्या तशाच कामाच्या तोडीचे आहे का, संस्थेच्या हेतूला धरून आहे का, माणसे व साधने पुरेशी आहेत का, ठरवलेले पार पडले का, असे प्रश्न ही पथके विचारतात आणि त्यांचे अहवाल छापले जातात. आपल्याकडेही समित्या नेमल्या जातात. आमचे मागणे एवढेच की, त्यांत विद्वानांबरोबर माप प्रत्यक्ष वापरणारा कारखान्याचा फोरमन, वैध मापनाचा निरीक्षक आणि खरेदी केंद्राचा माणूस असावा, आणि अहवाल लोकांना वाचायला मिळावा.

चौथा प्रश्न सर्वांत अवघड आहे. उद्या लागेल ते काम ती आज करते आहे का? १९८६ साली आबिद हुसेन समितीने वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांनी आपल्या खर्चाचा काही भाग बाहेरची कामे मिळवून उभारावा, असे सुचवले. पुढे गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर १९९५ ते २००६ या काळात परिषदेचे महासंचालक झाले, तेव्हा पेटंट आणि उद्योगांशी करार यांवर मोठा भर आला. त्याने परिषदेची सुस्ती गेली, हे मान्य केलेच पाहिजे. नवे रसायन शोधणाऱ्या प्रयोगशाळेला मिळकत ही कसोटी पुष्कळशी लागू पडते. पण मापन-प्रयोगशाळेला तीच कसोटी जशीच्या तशी लावली, तर काय होईल? जे काम आज फी देते, म्हणजे ठरावीक उपकरणे तपासून दाखला देणे, तेच वाढेल. ज्याची फी देणारा अजून जन्मला नाही, ते काम मागे पडेल.

आणि तेच काम देशाला तारते. पॅरिसजवळ तिजोरीत ठेवलेला मूळ किलोग्रॅम आणि त्याच्या प्रती यांच्यात शंभर वर्षांत सुमारे पन्नास मायक्रोग्रॅमचा फरक पडल्याचे दिसून आले. ज्याच्यावरून जगाने वजने तपासायची, तोच ढळू लागला. म्हणून २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या तुकड्यावरून काढून निसर्गातल्या प्लांकच्या स्थिरांकावर बसवली. आता ज्या देशाला मूळ किलोग्रॅम स्वतःच्या हाताने सिद्ध करायचा असेल, त्याला अत्यंत सूक्ष्म यंत्र स्वतः उभारावे लागते. ज्यांनी वीस-तीस वर्षे आधी, कोणी पैसे देत नसताना, हे संशोधन केले, ते देश आज इतरांना माप देतात. बाकीच्यांना ते मागून आणावे लागते.

उद्याच्या कामाचे आपल्या दारातले उदाहरण घ्या. चंद्रपूरला मोठे औष्णिक वीजकेंद्र आहे, कोळशाच्या खाणी आहेत. आता गडचिरोली जिल्ह्यातही लोखंड-पोलादाचे कारखाने आले आहेत. हवेत किती धूळ आणि कोणते वायू जातात, हे धुरांड्याला लावलेली यंत्रे सांगतात. यंत्र म्हणते, सारे मर्यादेत आहे. लोक म्हणतात, आमच्या अंगणात राख पडते. दोघांपैकी खरे कोणाचे? यंत्र कोणत्या प्रमाणावरून तपासले, हे कळल्याखेरीज याचा निर्णय होणे नाही. २०१९ साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने हवा व उत्सर्जन मोजणाऱ्या उपकरणांना प्रमाणपत्र देण्याचे काम याच राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे सोपवले. आमच्या मते तिची खरी परीक्षा या कामात आहे. किती यंत्रे तपासली, त्यांपैकी किती नापास केली, परदेशी दाखल्यावर विसंबून न राहता आपल्या ऊन-पावसात आणि आपल्या धुळीत ती यंत्रे चालवून पाहिली का, हे प्रश्न तिला विचारले पाहिजेत. जी प्रयोगशाळा कधी कोणाला नापास करीत नाही, तिच्या दाखल्याला कागदाची किंमतसुद्धा उरत नाही.

मग आमचा निकाल काय, असे आपण विचाराल. १९५० ते १९६२ या काळात या प्रयोगशाळेने देशाला एक माप दिले, हे काम पहिल्या प्रतीचे होते. जगातल्या इतर संस्थांशी उघड तुलना करून घेण्याचे धैर्य ती दाखवते, हेही तिच्या बाजूचे आहे. पण तिच्या नावाने छापलेल्या निबंधांची संख्या, पेटंटे आणि फीची जमा एवढ्यावरच तिला गुण देण्याची प्रवृत्ती आम्हांला धोक्याची वाटते. तसे गुण दिले तर ती गुण मिळवील आणि माप हरवेल. तिला निर्धास्तपणे दीर्घ मुदतीचे संशोधन करू द्यावे, पैसा पुरेसा द्यावा, आणि त्याच्या मोबदल्यात तिच्याकडून दोन गोष्टी सक्तीने घ्याव्या. एक, प्रत्येक परीक्षेचा निकाल उघड करणे. दुसरी, वरून निघालेले माप तालुक्यापर्यंत खरेच उतरते की नाही, हे दरसाल काही ठिकाणी स्वतः येऊन पडताळणे. दिल्लीच्या शास्त्रज्ञाने वर्षातून एकदा धानाच्या हंगामात वडशाच्या काट्यावर आपले वजन ठेवून पाहावे, यात त्याचा कमीपणा नाही.

आपल्याही हातात थोडे आहे. काट्यावर मोहोर असते, तपासणीच्या दाखल्यावर तारीख असते. ती तारीख विचारणे म्हणजे व्यापाऱ्याला चोर म्हणणे नव्हे. सचोटीच्या व्यापाऱ्याला तिचा फायदाच होतो, कारण त्याचे खरे माप शेजारच्याच्या खोट्या मापापुढे महाग दिसत नाही. ओलाव्याच्या यंत्राबद्दलही हेच विचारावे, कोणत्या दिवशी, कशावरून तपासले? एका गावाने असे विचारले तर निरीक्षक येईल. शंभर गावांनी विचारले तर राज्याला आपली दुय्यम प्रमाणे वेळेवर तपासून आणावी लागतील. आणि मग त्या प्रश्नाचा धक्का साखळीतून वर चढत दिल्लीपर्यंत जाईल. आजवर माप वरून खाली आले. परीक्षा खालून वर जायला हवी, आणि तिचा आरंभ येत्या खरीप हंगामात, वैनगंगेकाठच्या खरेदी केंद्रांवर व्हावा, अशी आमची सूचना आहे.